प्रकाशाचा धडा फळ्यावरून नको, कवडशापासून सुरू करा

सहावी ते दहावीच्या मुलांना प्रकाश शिकवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय, शिक्षक असा, पालक असा किंवा सुट्टीत सोसायटीतली पोरं जमवून विज्ञानाचं काहीतरी करणारे असा. पुस्तकात हा विषय तुकड्यातुकड्याने येतो, आठवीत परावर्तन, दहावीत अपवर्तन आणि भिंगं, मग डोळ्याची आकृती आणि नावं, निकटदृष्टिता दूरदृष्टिता, झालं. मुलं किरणाकृती सुरेख काढतात, पट्टी लावून, बाणबिण दाखवून, पण "तुला समोरचं झाड दिसतं म्हणजे नक्की काय होतं रे?" असं विचारलं की वर्ग गप्प. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की प्रकाश, डोळा आणि मेंदू हे तिन्ही सलग आणि याच क्रमाने घ्या, आणि प्रत्येक प्रयोगाच्या आधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या. लिहूनच घ्या, तोंडी नको. तोंडी विचारलं की पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा बोलतो आणि बाकीचे "हो बाई" करतात, आणि प्रयोग झाल्यावर सगळ्यांना ते आधीपासून माहीत असतं. वहीत लिहिलेला अंदाज मात्र हलत नाही, आणि तो चुकला की मूल स्वतःहून विचारतं, असं का झालं.

पहिली दहा मिनिटं: बाण कुठून कुठे

कोऱ्या कागदावर तीन गोष्टी काढायला सांगा, सूर्य, झाड आणि झाडाकडे बघणारा मुलगा. आता म्हणायचं, झाड कसं दिसतं ते बाणांनी दाखवा. कागद गोळा करा आणि नुसते बघा. बरीच मुलं डोळ्यातून झाडाकडे जाणारा बाण काढतात. काही जण सूर्याकडून झाडावर एक बाण काढतात आणि तिथेच थांबतात. झाडावरून डोळ्यात येणारा बाण काढणारे कमी.

इथे लगेच "चूक" म्हणू नका, कारण हीच समजूत युक्लिड आणि टॉलेमीसारख्या प्राचीन काळच्या मोठ्या विद्वानांची होती, डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूला जाऊन भिडतात. सुमारे हजार वर्षांपूर्वी कैरोमध्ये इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने ते खोडून काढलं. त्याचा एक मुद्दा मुलांना फार पटतो: प्रखर उजेडाकडे बघितलं की डोळा दुखतो, म्हणजे बाहेरून काहीतरी आत येतंय. आतून जाणाऱ्या गोष्टीने डोळा कशाला दुखेल?

मग अंधाराचा खोका. बुटाचा खोका घ्या, आत एखादं खेळणं किंवा लिंबू ठेवा, एका बाजूला डोळ्याएवढं भोक, आणि झाकणाला एक छोटी खिडकी कापा जी कागदी झडपेने बंद होईल. फटी काळ्या टेपने बंद करा. आधी विचारायचं, पूर्ण अंधारात थोडा वेळ थांबलं तर आतली वस्तू दिसेल का? "हळूहळू दिसेल" असंच बहुतेक लिहितील, कारण शहरातल्या मुलांनी खरा पूर्ण अंधार कधी बघितलेलाच नसतो, कुठून ना कुठून स्ट्रीटलाईट येतोच. खोक्याला डोळा लावून मिनिटभर बसू दे. काही दिसत नाही. मग झडप जराशी उघडा. या एका खोक्याने जे काम होतं ते फळ्यावरच्या चार आकृत्यांनी होत नाही.

कवडसा गोल का असतो

हा माझा सगळ्यात आवडता भाग, आणि याला शून्य खर्च आहे. कौलारू घरात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीवर कवडसे पडतात ते सगळ्यांनी बघितलेले असतात, झाडाखाली पण पडतात. पानांमधल्या फटी तर वेड्यावाकड्या, मग कवडसे गोल का?

एक छोटा आरसा घ्या, त्यावर काळा कागद चिकटवा आणि कागदात साधारण अर्ध्या सेंटिमीटरचं चौकोनी भोक कापा. गोल नाही, मुद्दाम चौकोनी, जमलं तर दुसऱ्या आरशावर त्रिकोणी. अंदाज लिहून घ्या: भिंतीवर पडणारा ठिपका कोणत्या आकाराचा असेल? आता उन्हात उभं राहून उजेड आधी हातभर अंतरावरच्या कागदावर पाडा. चौकोन दिसतो, वर्ग खूश. मग तोच उजेड सावलीतल्या लांबच्या भिंतीवर पाडा, शाळेचा व्हरांडा असेल तर उत्तम, दहा मीटर तरी हवेत. ठिपका गोल होतो. चौकोनी भोकातून गोल! त्रिकोणी भोकातूनही गोल!

इथे गप्प बसा. मुलांना भांडू द्या. कोणीतरी म्हणतंच की "बाई, तो सूर्य आहे", आणि तो सूर्यच असतो, भोकाचा आकार नव्हे तर सूर्याची प्रतिमा. 26 डिसेंबर 2019 ला सकाळी आपल्याकडे खंडग्रास ग्रहण होतं तेव्हा झाडाखालचे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते, त्याचे फोटो घरी कोणाच्या तरी मोबाईलमध्ये नक्की सापडतील.

मोठी मुलं असतील तर इथेच सूर्य मोजून घ्या. आरशापासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपने मोजा, ठिपक्याचा व्यास पट्टीने मोजा (भोकाची रुंदी वजा करा, कारण कडा तेवढ्या पसरतात). दहा मीटरवर साधारण 9 सेंटिमीटर येतं, म्हणजे अंतर हे व्यासाच्या 107-108 पट. सूर्याच्या बाबतीतही तेच गुणोत्तर, आणि सूर्य सुमारे 15 कोटी किलोमीटर लांब आहे, म्हणून 15 कोटीला 108 ने भागा, जवळपास 14 लाख किलोमीटर येतं. हाच सूर्याचा व्यास. आठवीतल्या मुलीने टेप आणि पट्टी घेऊन सूर्य मोजला की ती ते आयुष्यभर विसरत नाही, हे मी खात्रीने सांगते.

एक गोष्ट मात्र कडक. आरशात कोणीही वाकून बघायचं नाही आणि सूर्याकडे थेट बघायचं नाही, गॉगल लावून नाही, एक्सरेच्या फिल्ममधून तर अजिबात नाही. आरसा मोठ्या माणसाच्याच हातात ठेवा. लेझर पॉइंटर वर्गात नकोच, त्याशिवाय सगळं होतं.

खोक्याचा डोळा

कवडसा समजला की पिनहोल कॅमेरा आपोआप समजतो. काळ्या कार्डशीटच्या दोन नळ्या करा, एक दुसरीत सरकेल अशी. बाहेरच्या नळीच्या तोंडावर अॅल्युमिनियम फॉइल आणि त्याला सुईने एकच भोक, आतल्या नळीच्या टोकाला बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर. डोक्यावर चादर घेऊन उन्हातल्या झाडाकडे किंवा रस्त्याकडे रोखून बघा. पडद्यावर रिक्षा उलटी, आणि जाते पण उलट्या बाजूला.

आता एकेक बदल करायचा आणि दर वेळी आधी अंदाज. दोन भोकं पाडली तर? (दोन चित्रं.) भोक मोठं केलं तर? उजेड वाढतो आणि चित्र फिस्कटतं. मग त्या मोठ्या भोकासमोर साधं भिंग धरा आणि आतली नळी मागेपुढे सरकवा, एका जागी चित्र एकदम लख्ख होतं, भोक मोठं असूनही. डोळ्यात हेच आहे, बाहुली म्हणजे भोक, भिंग म्हणजे भिंग आणि दृष्टिपटल म्हणजे आपला बटर पेपर. फरक एवढाच की आपण नळी सरकवतो आणि डोळा भिंगाची जाडी बदलतो. डोळ्याची आकृती याच्या नंतर काढायची, आधी नाही.

"मग आपल्याला सगळं उलटं का नाही दिसत?" हा प्रश्न येणारच, आणि तो टाळू नका. डोळ्यात उलटीच प्रतिमा पडते हे खगोलशास्त्रज्ञ केप्लरने 1604 मध्ये लिहून ठेवलं होतं. पण डोळ्याच्या आत कोणी माणूस बसून तो पडदा बघत नाहीये. मेंदूकडे जातात ते नुसते संकेत, आणि त्यातलं वर-खाली कोणतं हे मेंदू हातापायांच्या अनुभवावरून लावतो. 1890 च्या दशकात जॉर्ज स्ट्रॅटन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एका डोळ्याला जग उलटं दाखवणारी भिंगं लावून आणि दुसरा डोळा झाकून 8 दिवस काढले, सुरुवातीला साधी वस्तू उचलता येईना, आणि नंतर नंतर हात बरोबर जायला लागले. ही गोष्ट सांगितली की वर्ग आपोआप पुढच्या भागाकडे वळतो, मेंदूकडे.

स्वतःचा डोळा तपासा

हे सगळं जोडीजोडीने.

बाहुली आधी. एकाने दोन्ही डोळे हातांनी झाकून अर्धा मिनिट थांबायचं, मग खिडकीकडे तोंड करून उघडायचे, दुसऱ्याने जवळून बघायचं. काळं वर्तुळ झपकन लहान होतं. मग एकच डोळा झाकायला सांगा आणि उघड्या डोळ्याची बाहुली बघा, ती पण थोडी मोठी होते! दोन्ही डोळ्यांचं कनेक्शन आत कुठेतरी आहे हे मुलं स्वतःच बोलून दाखवतात. आपल्या लोकांचं बुब्बुळ गडद असतं त्यामुळे बाहुली पटकन कळत नाही, म्हणून खिडकीजवळच करा.

अंधबिंदू. एकरेघी वहीच्या पानावर डावीकडे फुली, तिच्या उजवीकडे 7 सेंटिमीटरवर 1 सेंटिमीटरचा ठसठशीत ठिपका, त्याच रेघेवर. डावा डोळा बंद, उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघत वही हळूहळू जवळ आणायची. साधारण 25 सेंटिमीटरच्या आसपास ठिपका गायब. वर्गात एकदम आरडाओरडा होतो, होऊ द्या. आता खरा प्रश्न: ठिपक्याच्या जागी काय दिसतं? काळं भोक? नाही, वहीची रेघ सलग दिसते! दृष्टिपटलावर जिथून नस बाहेर पडते तिथे प्रकाश ओळखणाऱ्या पेशीच नाहीत (मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे सतराव्या शतकात शोधलं), आणि तिथलं चित्र मेंदू आजूबाजूचं बघून भरून टाकतो. म्हणजे आत्ता या क्षणी सुद्धा आपल्या नजरेचा एक तुकडा मेंदूने रंगवलेला आहे. इथून दृष्टिभ्रम सुरू झाले, अजून एकही छापील चित्र न दाखवता.

रंगांसाठी मोबाईल घ्या. स्क्रीन पूर्ण पांढरी करा आणि बोटाच्या टोकाने पाण्याचा अगदी बारीक थेंब काचेवर ठेवा. थेंब भिंगासारखा काम करतो, आत लाल हिरवे निळे कण दिसतात, पांढरा कुठेच नाही. आता स्क्रीनवर पिवळं लिंबू आणा. पिवळा कण शोधा. सापडत नाही, फक्त लाल आणि हिरवे पेटलेले. खरं लिंबू शेजारी ठेवून विचारा, दोन्ही पिवळे सारखेच का दिसतात? कारण डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीनच प्रकारच्या, त्या जेवढा रिपोर्ट देतात त्यावरून मेंदू रंग ठरवतो, आणि दोन्ही लिंबांचा रिपोर्ट जवळपास सारखाच जातो. टीव्ही, मोबाईल, प्रोजेक्टर सगळा धंदा यावर चालतो.

तिरंगा हा 15 ऑगस्टच्या आठवड्यात घ्या, भाव खाऊन जातो. कागदावर तो मुद्दाम उलट्या रंगांत रंगवा: वरचा पट्टा आकाशी निळा, मधला काळा आणि त्यात पिवळं चक्र, खालचा पट्टा राणी कलर. चक्राच्या मधोमध टक लावून 30 सेकंद बघायचं, डोळा हलवायचा नाही, मग लगेच पांढऱ्या भिंतीकडे. केशरी, पांढरा, हिरवा, आणि मध्ये निळसर चक्र तरंगताना दिसतं. एकाच रंगाकडे बघून त्या पेशींचा प्रतिसाद कमी होतो म्हणून पांढऱ्यावर उरलेले रंग वरचढ होतात. यानंतर मुलांना दुसऱ्या झेंड्याचे उलटे रंग काढून आणायला सांगा, तीच परीक्षा.

दृष्टिभ्रम: दाखवून सोडायचे नाहीत, मोजायचे

इंटरनेटवरून वीस चित्रं काढून प्रोजेक्टरवर फिरवली की मुलं वा वा करतात आणि घरी जातात, शिकत काही नाहीत. दोन-तीनच घ्या आणि पट्टी हातात ठेवा.

म्युलर-लायरचं बाणांचं चित्र (1889 चं) सगळ्यांना माहीत असतं, दोन सारख्याच रेघा, पण टोकांच्या बाणांमुळे एक लांब आणि एक आखूड वाटते, त्याचं सरकतं यंत्र बनवा. कार्डशीटचं एक पाकीट, त्यावर बरोबर 10 सेंटिमीटरची आडवी रेघ, उजवं टोक पाकिटाच्या कडेला आलेलं. दोन्ही टोकांना बाणासारखी टोकं, म्हणजे पंख रेघेच्या आतल्या बाजूला वळलेले. पाकिटात सरकणारी पट्टी, तिच्यावर त्याच ओळीत रेघ आणि उजव्या टोकाला पंख बाहेर पसरलेले. पट्टी ओढत ओढत दोन्ही रेघा सारख्या वाटल्या की थांबायचं, मग मोजायचं. बहुतेक जण दुसरी रेघ 10 पेक्षा चांगलीच आखूड ठेवतात. प्रत्येकाचा आकडा फळ्यावर लिहा, सरासरी काढा, आलेख काढा, गणिताच्या सरांना पण बोलवा. आणि मग परत बघायला सांगा. आता माहीत आहे ना, मोजलंय ना? तरीही तशीच दिसते! माहिती असूनही भ्रम जात नाही, कारण हा भाग आपल्या विचाराच्या ताब्यात नाही. हे ज्या मुलाला कळलं त्याला अर्धा धडा कळला.

वरच्या वर्गांना डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या इंग्लिश संशोधकाचं सांगा. 1898 मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर आणि पुढे 1901-02 मध्ये आपल्या निलगिरीतल्या तोडा लोकांमध्ये त्याने हेच मोजलं, आणि इंग्लंडमधल्या लोकांपेक्षा त्यांची या चित्रात फसगत कमी झाली. कोपरेदार घरांमध्ये वाढल्यामुळे हा भ्रम वाढतो असं काहींचं म्हणणं आहे, त्यावर अजून वाद आहेत, मुलांना वाद म्हणूनच सांगा.

दुसरं, एडेलसनचं बुद्धिबळाच्या पटाचं चित्र (1995), सावलीतला पांढरा चौकोन आणि उजेडातला काळा चौकोन, दोन्ही छापताना एकाच करड्या रंगाचे. शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही म्हणून ए-फोर कागदात बरोबर त्या दोन चौकोनांवर भोकं पाडून ठेवा. कागद ठेवला की सारखे, काढला की वेगळे. दहा वेळा करू द्या. मेंदू इथे चुकत नाहीये, तो सावली वजा करून वस्तूचा खरा रंग सांगतोय, आणि रोजच्या जगात तेच उपयोगी आहे, नाहीतर झाडाच्या सावलीत गेल्यावर पांढरा शर्ट करडा वाटला असता. म्हणून "डोळे फसवतात" हे वाक्य मी वर्गात वापरत नाही, तुम्हीही टाळा.

तिसरं, लिंबाचा लंबक. दोरीला लिंबू बांधून डावी-उजवीकडे सरळ रेषेत झुलवा, मुलं दोन-तीन मीटरवर. दोन्ही डोळे उघडे, पण गॉगलची काच एकाच डोळ्यासमोर. लिंबू चक्क गोल फिरताना दिसतं! काच दुसऱ्या डोळ्यासमोर धरली की उलट्या दिशेने फिरतं. कमी उजेड मिळालेल्या डोळ्याचा निरोप मेंदूकडे किंचित उशिरा पोचतो, आणि त्या उशिराचा अर्थ मेंदू खोली असा लावतो. कार्ल पुलफ्रिच या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने 1922 मध्ये याचं वर्णन केलं, आणि त्याची स्वतःची एका डोळ्याची नजर गेलेली होती, त्याला हे कधीच दिसलं नाही.

सहल अजिंठ्याला जाणार असेल तर लेणी क्रमांक 1 मधल्या खांबावर चार हरणं शोधायला सांगा, चौघांना मिळून डोकं एकच आहे, ज्या हरणाकडे बघाल त्याचं ते होतं. सहल नसेल तर फोटो चालेल, तीन हरणं कागदाने झाकून दाखवा.

घरचा अभ्यास चंद्राचा. कोजागिरीला करा, जागायचंच असतं. उगवताना चंद्र केवढा मोठा वाटतो, तेव्हा हात पूर्ण लांब करून करंगळीच्या नखाने तो झाकून बघायचा, आणि मध्यरात्री डोक्यावर आल्यावर परत. दोन्ही वेळा नख तेवढंच पुरतं. खरं तर उगवताना चंद्र डोक्यावर असतानापेक्षा पृथ्वीच्या जवळपास एका त्रिज्येने, सुमारे 6,400 किलोमीटरने लांब असतो, म्हणजे मापाने किंचित लहानच. तो मोठा का वाटतो यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही, हे मुलांना जरूर सांगा, त्यांना आवडतं.

ज्याला दिसत नाही त्याच्याकडे लक्ष ठेवा

वर्गात कोणालातरी एखादा प्रयोग "दिसला नाही" असं होणारच. चेष्टा होऊ देऊ नका आणि "नीट बघ" म्हणून दामटू नका. लिंबाचा लंबक कितीही केला तरी सरळच जातोय असं कोणी म्हणालं तर त्या मुलाचा एक डोळा कमजोर असू शकतो, आणि तो डोळा कमजोर आहे हे घरी कोणालाच माहीत नसतं कारण दुसऱ्या डोळ्यावर सगळं चाललेलं असतं. हा त्रास जेवढ्या लहान वयात कळेल तेवढा उपचाराचा उपयोग जास्त. तिरंग्याचे रंग भलतेच सांगणाऱ्या मुलाला रंगांधत्व असू शकतं, मुलींपेक्षा मुलांमध्ये ते बरंच जास्त असतं. आपण डॉक्टर नाही, तेव्हा वर्गात काही जाहीर करायचं नाही. नाव वेगळं लिहून ठेवा, पालकांना एकट्याला बोलावून डोळे तपासून घ्यायला सांगा, आणि सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं त्यांच्याकडे ते नाव आवर्जून द्या. आणि फिरत्या चकत्या, लुकलुकणारे लाईट असे प्रयोग करणार असाल तर वर्गात कोणाला फिट येते का हे पालकांना आधी विचारून घ्या, असेल तर तो प्रयोग सगळ्यांसाठीच वगळा.